फडा ताटात चालेल का? माण तालुक्यातल्या प्रकल्पाच्या नोंदी

३ मार्च २०२५

विषय मंजूर झाला. कागदावरचं शीर्षक लांबलचक आहे. प्रश्न तेवढा साधा: मामाच्या बांधावर शेरडांसाठी लावलेला बिनकाट्याचा निवडुंग माणसाने खाल्ला तर बाधत नाही ना, आणि खाल्लाच तर त्यातून पदरात काय पडतं? अन्नतंत्रज्ञानाच्या शेवटच्या सत्राला बहुतेक जण बिस्किटं नाही तर जॅम घेतात. त्यामुळे वर्गात हशा पिकला. मॅडम हसल्या नाहीत, पण अट घातली, “आधी झाडाची ओळख. शास्त्रीय नाव लिहिल्याशिवाय विळी हातात घ्यायची नाही.”

मामाचं रान दहिवडी-म्हसवड पट्ट्यात आहे, मुरमाड आणि पूर्ण पावसावर. हा निवडुंग ओपन्शिया फायकस-इंडिका, मूळचा मेक्सिकोचा. उरुळीकांचनच्या बाएफ या ग्रामविकास संस्थेने तो चारा म्हणून तपासला आहे. २०२२ मध्ये केंद्राच्या भूसंसाधन विभागानेही पडीक जमिनीवर त्याची लागवड वाढवायचं मनावर घेतलं. मामाला यातलं काही माहीत नव्हतं. कुणाच्या तरी टेम्पोतून चार फडे, म्हणजे निवडुंगाचे चपटे मांसल तुकडे, आले, त्याने ते बांधावर अर्धे पुरले आणि विसरून गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात बघतो तर कमरेएवढी झुडपं.

मामीचं मत पहिल्याच दिवशी नोंदवून ठेवते: “शेरडं खात्यात म्हून माणसांनीबी खायाचं व्हय? शेरडं तर रुईबी खात्यात.”

मुद्दा बिनतोड आहे. शेळीला पचतं म्हणून माणसाला चालतं, हा पुरावा होत नाही.

७ मार्च

शिवारफेरी. गावात ज्या ज्या झाडाला लोक निवडुंग म्हणतात ते प्रत्येक झाड पाहिलं, फोटो काढले, कोयत्याच्या टोकाने बारीक चीर देऊन काय गळतं ते लिहून घेतलं. हातात मोजे, डोळ्यांना गॉगल. (मामा म्हणाला, “वेल्डिंगला निघालीस का?”)

देवळामागे त्रिधारी निवडुंग. चीर दिली आणि क्षणात पांढरंशुभ्र दूध वाहू लागलं. ओढ्याच्या कडेला शेराचं कुंपण, त्यालाही दूध. एका वाड्याच्या पडक्या भिंतीवर वईचा निवडुंग, तोही दुधाळ. ही तिन्ही झाडं यूफोर्बिया कुळातली, म्हणजे एरंडाच्या नात्यातली. निवडुंगाशी त्यांचं रक्ताचं नातं नाही. कोरड्या हवेत जगायची गरज सारखी, म्हणून अंगकाठी सारखी झाली एवढंच. त्यांचा चीक कातडीला लागला तर फोड येतात. डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होऊन काही काळ दिसेनासं होऊ शकतं. पोटात गेला तर ओकाऱ्या आणि जुलाब. वईच्या निवडुंगाला आयुर्वेदात स्नुही म्हणतात आणि तीव्र रेचकांत त्याची गणना होते. भगंदरावरच्या क्षारसूत्राला, म्हणजे औषधी दोऱ्याला, जो चीक लावतात तो याचाच. वैद्याच्या हातात तो औषध आहे. आपल्या कढईत त्याचं काही काम नाही.

खरे निवडुंग, म्हणजे कॅक्टेसी कुळातले, मूळचे जवळजवळ सगळे अमेरिका खंडांतले. आपल्याकडे दिसतात ते माणसाने आणलेले. ओळखायची खूण दुधापेक्षा काट्याच्या बुडाशी जास्त पक्की सापडते. फड्यावर ठरावीक अंतराने बारीक लवदार उशा असतात आणि काटे, कुसळं, फूल, नवा फडा असं सगळं त्या उशीतूनच निघतं. त्रिधारीला अशी उशी नसते. तिचे काटे जोडीजोडीने थेट धारेवर बसलेले असतात. मामाच्या झुडपाला चीर दिली तर नितळ, चिकट, ताणला तर तार धरणारा रस आला. दुधाचा थेंब नाही.

मॅडमना फोटो पाठवले. उत्तर आलं: “दूध नाही म्हणजे खाण्याजोगं, असं वाक्य अहवालात कुठेही येता कामा नये.” बरोबर आहे. दूध दिसलं तर हात मागे घ्यायचा. दूध दिसलं नाही तर चौकशी फक्त सुरू होते. मेस्कलिन हे भास घडवणारं रसायन असलेला पेयोटी हाही खराच निवडुंग. शिवाय नर्सरीतल्या शोभेच्या कुंड्यांवर कोणती फवारणी झाली ते त्या दुकानदारालाही सांगता येत नाही.

१२ मार्च

आज काटेरी, रानटी फड्याच्या शोधात. जुन्या लोकांच्या बोलण्यात ‘गावाभोवती फड्याचं रान होतं’ हे सारखं येतं, आणि आता शोधूनही मोजकीच बेटं सापडतात. कारण एका बेटावरच चिकटलेलं होतं. फड्याच्या कडेला पिंजलेल्या कापसाचे कण दिसले. काडीने एक चिरडला तर काडी लालभडक.

हा कोचिनियल किडा, डॅक्टिलोपियस. १७९५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात लाल रंगाच्या धंद्यासाठी किडे मागवले. मेक्सिकोचा उत्तम रंगाचा किडा समजून आणली ती दुसरीच जात. रंग हलका निघाला, पण किड्याने एका जातीच्या फड्याचा फडशा पाडला. तणावर किडा सोडून ते मारण्याचं जगातलं अगदी सुरुवातीचं उदाहरण म्हणून हे पुस्तकांत येतं. मग १९२६ मध्ये त्याच कुळातली आणखी एक जात मुद्दाम आणली गेली आणि दक्षिणेकडच्या काटेरी फड्याचा बराचसा निकाल लागला. मेक्सिकोच्या त्या अस्सल किड्यापासूनच कार्मिन हा खाण्याचा लाल रंग काढतात, बाहेरच्या देशांतल्या पाकिटांवर तो ई १२० म्हणून छापलेला असतो.

आपल्या कामापुरतं: कापूस लागलेला फडा तोडायचा नाही. बिनकाट्याचा निवडुंगही या किड्याला बळी पडतो. मामाच्या झुडपांवर अजून काही नाही.

१८ मार्च

तोडणी. कोवळा फडा कसा ओळखायचा याची खूण छान आहे. नव्या फड्यावर प्रत्येक उशीखाली एक इवलंसं, टोकदार, मांसल हिरवं पान असतं. हीच निवडुंगाची खरी पानं. फडा म्हणजे त्याचं खोड. ती पानं थोड्याच दिवसांत गळतात. म्हणजे पानं अंगावर आहेत तोवर फडा भाजीचा, गळाली की शेरडांचा. आकार तळहाताएवढा. बोटाने वाकवला तर मोडतो, लवत नाही. मोठ्या फड्यात दोरे होतात, चावून चोथा उरतो.

वेळेचा प्रयोग आजच केला. एकाच झुडपावरचे सारख्या वयाचे फडे, काही दिवस उजाडताना तोडले, काही दुपार कलल्यावर. निवडुंग दिवसा रंध्रं मिटून घेतो, नाहीतर उन्हात वाळून जाईल. रात्री ती उघडतो, कार्बन डायऑक्साइड आत घेतो आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो. दिवसा उजेडात ते आम्ल मोडून त्याची साखर करतो. त्यामुळे पहाटेचा फडा आंबट आणि दुपारचा मवाळ. कॉलेजात टायट्रेशनला, म्हणजे आम्ल मोजायच्या चाचणीला, सकाळच्या रसाला कॉस्टिक सोडा ठळकपणे जास्त लागला. पण जिभेला ब्युरेटच्या मोजनळीची गरज पडली नाही. पहाटेच्या तुकड्याने मामाने तोंड वाकडं केलं. ज्याला पित्ताचा त्रास आहे त्याने दुपारनंतर तोडावा आणि चिंच-कोकम घालू नये. ज्याला आंबट आवडतं त्याने सकाळी.

२१ मार्च

साफसफाईवर पूर्ण दिवस गेला आणि तो जायलाच हवा होता. या झाडाचा खरा धोका विषाचा नाही, कुसळांचा आहे.

‘बिनकाट्याचा’ हे अर्धसत्य. लांब काटे नाहीत, पण उशीत केसाहून बारीक, पिवळसर कुसळांचा झुपका थोडाफार असतोच. भिंगाखाली पाहिलं तर प्रत्येक कुसळाला उलट्या दिशेचे दातरे. कातडीत शिरतं सहज, ओढलं की मोडतं, आणि जिभेत किंवा घशात गेलं तर काढणार कोण? शेजारचा बारक्या रानटी फड्याची लाल बोंडं खिशात घालून आला होता. त्याच्या मांडीवरची कुसळं काढायला मामीने आधी चिमटा घेतला, मग चिकटपट्टी, शेवटी फेविकॉलचा थर लावून वाळवला आणि सोलून काढला. तिसऱ्या उपायाने बरंच निघालं. हात चोळायचा नाही, तोंडाला लावायचा नाही, हे त्याला चौघांनी चार वेळा सांगितलं.

ठरलेली रीत अशी. सांडशीने किंवा जाड मोज्याने फडा धरायचा. चुलीच्या जाळावर दोन्ही बाजू आणि विशेषतः कड फिरवून घ्यायची. उशा तडतडतात आणि कुसळं जळतात. मग पाटावर आडवा ठेवून धारदार सुरीने बुडाकडून टोकाकडे उशा खरवडायच्या. सगळी साल काढायची गरज नाही, पण कडेची पट्टी आणि बुडाचा कडक भाग सरळ कापून टाकायचा. नंतर वाहत्या पाण्याखाली धुऊन उजेडात तिरका धरून पाहायचं. कुठे सोनेरी चमक दिसली तर पुन्हा सुरी. पाट आणि सुरी वेगळी ठेवायची. खरवडलेला चोथा शेणखताच्या खड्ड्यात टाकला, अंगणात नाही. तिथे लेकरं अनवाणी फिरतात.

मेक्सिकोत बाजारातच बायका फडे असे खरवडून, चिरून ढीग लावून विकतात. तिथे ती रोजची भाजी, आणि देशाच्या झेंड्यावरचा गरुडसुद्धा निवडुंगावरच बसलेला. आपल्याकडे ही सवय नाही, म्हणून हे पान एवढं लांबलं.

२३ मार्च

पहिला घास. मॅडमच्या सूचनेप्रमाणे फक्त मोठ्या माणसांनी, उकडलेले दोन-दोन तुकडे, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणं. कुणाला काही झालं नाही.

आता मामीचा हात. तुकडे मिठाच्या पाण्यात उकळून पाणी फेकलं, मग लोखंडी तव्यावर तेल न घालता तार सुटेपर्यंत परतले. चिकटपणा भेंडीचाच, भेंडी जिला जमते तिला हे जमतं. तार आटल्यावर तेल, लसूण, हिरवी मिरची, वरून शेंगदाण्याचा कूट. चव हिरव्या घेवड्यासारखी, मागून हलका आंबटपणा. भाकरीबरोबर मामाने दोनदा मागून घेतली. मामी म्हणाली, “चव तुझ्या झाडाची न्हाय, माझ्या कुटाची हाय.” हाही निष्कर्षच, अहवालात घेणार.

४ एप्रिल

आकडे. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात कच्च्या कोवळ्या फड्याचे आकडे १०० ग्रॅमला असे आहेत: पाणी सुमारे ९४ ग्रॅम, ऊर्जा १६ किलोकॅलरी, प्रथिनं १.३ ग्रॅम, कर्बोदकं ३.३ ग्रॅम, त्यातले तंतू २.२ ग्रॅम, कॅल्शियम १६४ मिलिग्रॅम, मॅग्नेशियम ५२, पोटॅशियम २५७, क जीवनसत्त्व ९ च्या आसपास, लोह ०.६ मिलिग्रॅम. ओव्हनमध्ये वाळवून काढलेलं आमचं पाण्याचं प्रमाणही त्याच घरात आलं.

हे वाचून ‘वाळवंटातलं सुपरफूड’ वगैरे लिहिणारे लिहोत. १६ किलोकॅलरीत दुष्काळात कुणाचं पोट भरत नाही. भाकरीची जागा तो घेऊ शकत नाही, डाळीची तर मुळीच नाही. तो भाजी आहे, आणि भाजी म्हणून बरा आहे: तंतू चांगले, मॅग्नेशियम बरं. त्याची खरी किंमत वेळेत आहे. एप्रिलमध्ये आमच्याकडे मेथी नसते, पोकळा नसतो, बाजारातली कोथिंबीर परवडत नाही. तेव्हा तांब्याभर पाण्यावर हे झुडूप हिरवं फुटतं.

शेरडांचंही तसंच. नुसता फडा घातला की पातळ हगतात. मामा कडब्याच्या कुट्टीत मिसळून देतो.

९ एप्रिल

कॅल्शियमचा आकडा दुधापेक्षा मोठा दिसतो. दुधात १०० ग्रॅमला १२० च्या आसपास असतं. गावच्या महिला गटातल्या बायकांना हे सांगितलं असतं तर उद्या सगळ्यांनी लेकरांचं दूध बंद करून फडा सुरू केला असता. म्हणून आधी सूक्ष्मदर्शक. पातळ काप काचपट्टीवर घेतला तर पेशींमध्ये टोकदार स्फटिकांचे गोल पुंजके दिसले, भरपूर. हे कॅल्शियम ऑक्झलेट. म्हणजे कॅल्शियमचा मोठा वाटा ऑक्झलेटने आधीच बांधून ठेवलेला असतो आणि आतड्यातून तसाच बाहेर पडतो. दुधातलं कॅल्शियम अंगी लागतं, हे फारसं लागत नाही.

अळूतही ऑक्झलेटच, पण तिथे ते सुयांच्या जुड्यांच्या रूपात असतं, म्हणून घसा खाजतो. फड्यातले पुंजके तसे टोचत नाहीत. खाज नाही म्हणून ऑक्झलेट नाही, असं समजू नये. पाण्यात विरघळणारा भाग उकळून पाणी फेकल्यावर कमी होतो, त्यामुळे मामीची रीत बरोबर निघाली. ज्याला मुतखडा झालेला आहे किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्याने ही भाजी नेहमीची करू नये. आमच्याकडे बोअरचं पाणी पिणारी आणि उन्हात राबणारी माणसं बहुतेक सगळी, आणि खड्याची तक्रार घरोघरी. म्हणून ही ओळ अहवालात ठळक अक्षरात.

१५ एप्रिल

गावातल्या एका काकांना मधुमेह आहे. त्यांना मोबाइलवर कुणीतरी ‘निवडुंगाचा रस, गोळी बंद’ असं पाठवलंय. विचारायला आले.

जे सांगितलं ते लिहून ठेवते. मेक्सिकोत मधुमेही रुग्णांवर अभ्यास झालेत आणि जेवणाबरोबर फडा खाल्ल्यावर जेवणानंतरची साखर कमी चढते असं दिसलंय. चिकट तंतू साखर सावकाश शोषू देतात, हे त्याचं एक कारण. पण गोळी चालू असताना वरून रस घेतला तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. भाजी म्हणून खा, डॉक्टरांना सांगून खा, गोळी सोडू नका. काका म्हणाले, “म्हंजी गोळी हायेच.” हो, आहेच.

त्याच मोबाइलवर वाळवंटात पिंपासारखा निवडुंग कापून पाणी पिणारा माणूसही होता. आत पाणी नसतं, गर असतो, आणि त्या प्रकारातल्या बहुतेक निवडुंगांच्या रसाने तहानलेल्या माणसाला उलटी-जुलाब होऊन असलेलं पाणीही जातं.

२ मे

बोंडं. रानटी फड्याची शेवटची जांभळट लाल बोंडं मिळाली. कुसळं इथे फड्यापेक्षा जास्त. जाळावर फिरवून, दोन्ही टोकं कापून, उभी चीर देऊन साल उलगडली की आतला गर अखंड निघतो. तो फडक्यातून गाळायचा. सौराष्ट्र-कच्छकडे याच बोंडांचा रस फिंडला म्हणून बाटलीत विकतात आणि ‘रक्त वाढवतो’ ही त्याची ख्याती. मामीचीही तीच आशा, कारण रंगच तसा.

रंग बीटालेन या रंगद्रव्याचा, बिटातही याच गटातला रंग. बिनकाट्याच्या जातीच्या फळात लोह १०० ग्रॅमला ०.३ मिलिग्रॅम, म्हणजे नगण्य. गोडवा आहे, क जीवनसत्त्व १४ मिलिग्रॅम, मॅग्नेशियम चक्क ८५. मामीला सांगितलं की रक्तासाठी बाजरी, हळीव आणि दवाखान्यातल्या गोळ्या. हे सरबत उन्हाळ्यासाठी. दोन सूचना: लघवी लालसर दिसली तर घाबरू नये, आणि बिया गिळत बसू नये. पोटभर बोंडं खाऊन बियांचा गठ्ठा आतड्यात अडकल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत.

गटातल्या एकीचा प्रश्न: “निवडुंगाचं फळ कोण इकत घेणार?” घेतात की. ड्रॅगन फ्रूट हा निवडुंगच आहे. जत-आटपाडीकडे लोखंडी रिंगांवर चढवलेल्या बागा दिसतात, आणि सांगली जिल्ह्यातल्या तडसरची फळं २०२१ मध्ये दुबईला गेली. तिला खरं वाटेना. ड्रॅगनच्या फांदीवरच्या उशा दाखवल्या तेव्हा वाटलं.

१४ मे

वाळवलेली पूड करून विकायची कल्पना गटाने काढली. थांबवलं. भारतात ज्या पदार्थाच्या खाण्याची परंपरा नाही त्याला २०१७ च्या नियमांनुसार अन्नसुरक्षा प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. आपला फडा त्यात कसा बसतो हे विचारल्याशिवाय पाकीट छापायचं नाही. शिवाय पूड केली की ९४ टक्के पाणी उडतं, ऑक्झलेट मात्र तिथेच राहतं. चमचाभर पूड म्हणजे ओंजळभर फडा, हे घेणाऱ्याला कळत नाही. भाजी खाताना माणूस आपोआप थांबतो.

२८ मे

मे संपायच्या आत ओढे वाहिले. माणमध्ये असा मे कुणाला आठवत नाही. चाचण्या आटोपत्या घेतल्या, कारण फडे पाण्याने टम्म फुगलेत, चव पांचट झालीय, आणि सखल जागची दोन झुडपं बुडातून मऊ पडली. निवडुंग दुष्काळ सोसतो, साचलेलं पाणी नाही. बांधावर तांदुळजा उगवायला लागलाय. मामीने फड्याकडे पाठ फिरवली आणि खुरपं घेऊन तिकडे गेली. मला यात अपयश वाटत नाही.

१७ जून

तोंडी परीक्षा झाली. बाहेरच्या परीक्षकांनी एकच प्रश्न लावून धरला: “सुरक्षित आहे की नाही, एका वाक्यात सांगा.” एका वाक्यात सांगितलं, पण वाक्य लांब झालं: ओळख पटलेल्या ओपन्शियाचा कोवळा, कीड नसलेला, कुसळं जाळून खरवडलेला आणि उकळून पाणी काढलेला फडा निरोगी मोठ्या माणसाला आठवड्यातून एक-दोनदा भाजी म्हणून चालतो. त्यांनी ‘निरोगी’ खाली रेघ मारली. मग विचारलं, “चव?” मामीच्या कुटाचं सांगितलं.

मऊ पडलेली झुडपं मामाने उपटून टाकली. वरचे चांगले फडे कापून सावलीत, काप वाळून त्यावर पापुद्रा धरेपर्यंत ठेवलेत. ओला काप मातीत गेला की सडतो. जमीन वाफशावर आली की या वेळी बांधाच्या उंच कडेला लावायचे, एक ओळ शेरडांची आणि चुलीजवळची चार झुडपं मामीची.